इस्रायल आळीतली पौर्णिमा

मासळी बाजारात शिरलं की आधी पायाखालचं पाणी लागतं, मग वास येतो, मग कालवा ऐकू येतो. सकाळचे साडेसात वाजलेत. अलिबागच्या कोळणी पाट्या मांडून बसल्या आहेत. कोलंबीचे ढीग. नांग्या बांधलेले खेकडे एकमेकांवर चढताहेत. तिसऱ्या, शिंगाळे, मोरीचे राखाडी तुकडे. बर्फाचं पाणी गटाराकडे पळतंय.

माझ्यापुढे चाललेल्या काकू यातल्या कशाकडेच बघत नाहीत. साठीच्या आहेत. सुती साडी चापूनचोपून नेसलेली, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, काखेत नायलॉनची पिशवी. बाजारातल्या इतर बायकांमध्ये त्यांना वेगळं काढायला सांगितलं, तर मला जमणार नाही.

कोळणीला जमतं. "काकी, रावस हाय. बगा." ती पाटीखालून मासा काढते. मधे कोलंबीचा वाटा आहे, तो दाखवत नाही. माझ्या शेजारच्या बाईंना मात्र तोच वाटा आग्रहाने दाखवते. काकू रावसाचा कल्ला उचलून रंग बघतात. मग अंगठ्याच्या नखाने अंगावरचा एक खवला उलटा फिरवतात. निघतो. ठीक.

"साफ करून देऊ?"

"दे. पण इथे नको, त्या फळीवर खेकडा तोडलाय. धू आधी."

कोळण काही न बोलता तांब्याने पाणी ओतते, फळी घासते आणि कोयता धरते. पर आणि खवले दोन्ही असलेला मासाच चालतो. कोलंबी, खेकडा, कालवं, तिसऱ्या वर्ज्य. या समुद्राच्या काठी राहून इतकं सोडायचं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. काकूंच्या सासूने ते सोडलं होतं. तिच्या सासूनेही. आणि या कोळणीच्या आजीला ते ठाऊक होतं.

बाजारातून इस्रायल आळी फार लांब नाही. उन्हाला अजून धार आलेली नाही. जानेवारी-फेब्रुवारीच्या या दिवसांत अलिबागला सकाळी गारवा असतो आणि दहाच्या पुढे मान भाजते. शाळेत निघालेली मुलं, दूधवाल्याची मोटारसायकल, कुणाच्या तरी रेडिओवर भावगीत. कौलारू घरं कमी झाली आहेत, मधेमधे चार मजली इमारती आल्या आहेत. आळीचं नाव मात्र तेच आहे. आता त्यात राहणारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, कुटुंबं मोजकीच.

काकूंच्या दाराच्या उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची एक नळी तिरकी ठोकलेली आहे. आत चर्मपत्राची गुंडाळी असते, तिच्यावर हिब्रूतली प्रार्थना. काकू आत जाताना तिला बोटं टेकवतात आणि तीच बोटं ओठांना लावतात. हातात माशांची पिशवी असली तरी हे चुकत नाही. शेजारच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण आहे. दोन्ही दारांपुढे रांगोळीची टिपकी.

आज शेबात महिन्याची पंधरावी तिथी. ज्यूंच्या पंचांगात झाडांचं नवं वर्ष. महिने चंद्रावर चालत असल्यामुळे आपल्या पंचांगात बघितलं तर पौर्णिमाच निघते, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. जगभरचे ज्यू आज फळं खातात. कोकणातले बेने इस्राएल त्याला जोडून आणखी एक गोष्ट करतात, ती दुसरे कुणी करत नाहीत. एलियाहू हनाबीचा उरूस. हनाबी म्हणजे संदेष्टा. अग्निरथातून स्वर्गात गेलेला हा संदेष्टा जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरून गेला, तिथे त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा. दुपारी सगळे तिकडेच निघणार आहेत.

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. मुंबईहून आलेल्या भाच्या काल रात्रीपासून मुक्कामाला आहेत. पितळी परातीत पातळ पोहे भिजवून निथळत ठेवलेत. विळीवर एक मुलगी नारळ खवते आहे आणि तिच्या पाठीवर घामाची ओली पट्टी उमटली आहे. साखर, वेलची, जायफळ. बदाम-पिस्त्यांचे काप, बेदाणे. हा मलिदा. नवस फेडायचा असो, लग्न ठरलेलं असो, घर घेतलेलं असो, परदेशी निघालेल्याला निरोप द्यायचा असो, मलिदा होतोच. ताटात त्याच्या कडेने फळं लागतात. खजूर हवाच. बाकी केळी, सफरचंद, संत्री, चिकू, जे मिळेल ते.

कोपऱ्यात पाटावर आजी बसल्या आहेत. काकूंच्या सासूबाई. नव्वदीला टेकलेल्या. त्यांना काम कुणी देत नाही, पण देखरेख त्यांचीच. मटणाच्या पातेल्यात डोकावून त्या विचारतात, "रस काढलास का नारळाचा?" मटणात दही पडत नाही, तूप पडत नाही, वर ताक कुणी पीत नाही. दूध आणि मांस एका जेवणात एकत्र येऊ द्यायचं नाही, हा नियम. दुसऱ्या एखाद्या मुलखात या नियमाने स्वयंपाक अडला असता. इथे परसात नारळ आहे. मटणाला नारळाचा रस, जेवणाशेवटी सोलकढी, आणि नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा तोसुद्धा नारळाच्या रसातला. शेजारच्या घरी जे वाटण तेच या घरी. नियम पाळला जातो आणि ताट कोकणातलंच राहतं.

आजी सण मोजतात. नव्याचा सण, दारफळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा रोजा. डोळे मिटून ऐकलं तर हे ज्यूंचं वर्ष आहे असं वाटणार नाही. मुलगी खवता खवता हसते. तिला हिब्रू नावं येतात, आजीला दोन्ही येतात.

"तुमच्याकडे घाणा होता ना, आजी?"

"होता तर. पाठीमागं, आता जिथं ती बिल्डिंग हाय तिथं." आजी हाताने गोल फिरवून दाखवतात. "शनवारी बंद. बैलसुद्धा सोडायचा. नुसतं माणसानं बसून चालत नाय, जनावरालापण बसवायचं, असं लिवलंय."

त्यावरूनच गावोगाव यांना शनिवार तेली म्हणत. मुरूड, पेण, रोहे, नागाव, रेवदंडा, चौल, ज्या गावी राहिले त्या गावाचं नाव पुढे आडनावाला लागलं. दुसरे तेली होते, ते सोमवारी घाणा बंद ठेवत. महादेवाचा वार, नंदीचा वार. म्हणजे गावाला तेल हवं असेल तर शनिवारी एकाकडे आणि सोमवारी दुसऱ्याकडे. गावाने या दोघांना एकच वार पाळा असं कधी सांगितल्याचं ऐकिवात नाही. गावाने वार लक्षात ठेवले, एवढंच.

बेने इस्राएलांनीही बऱ्याच गोष्टी विनातक्रार उचलल्या. साडी, मंगळसूत्र, हळद, मेंदी, मराठी. गोमांस त्यांच्या धर्मात निषिद्ध नाही, तरी शेजाऱ्यांना दुखवायला नको म्हणून ते खाणं सोडलं. विधवांनी पुन्हा लग्न करायचं नाही ही चालही उचलली, आणि तिचा भार इथल्या बायकांप्रमाणे त्यांच्याही बायकांवर पडला. मिसळताना सगळंच चांगलं घेतलं जातं असं नाही. हेही इथे बसून दिसतं.

नऊ वाजता आम्ही सिनेगॉगच्या ओट्यावर. वयस्कर माणसं अजून त्याला मशीदच म्हणतात. आत थंड आहे. उंच छत, लाकडी बाकं, मध्यभागी कठडा असलेला चौथरा, समोरच्या भिंतीत धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचं कपाट आणि त्यावर पडदा. छतापासून टांगलेले काचेचे दिवे. पंखा कुरकुरतोय.

डोक्यावर टोपी घातलेले पुरुष बसले आहेत. मी मोजते. नऊ.

सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊ असतील तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत, गुंडाळी बाहेर काढता येत नाही. मुंबईहून निघालेली बस वडखळ नाक्याला अडकली आहे. मुंबई-गोवा रस्त्यावरून अलिबागकडे वळणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. एक काका फोन कानाला लावून ओट्यावर फेऱ्या मारताहेत. "सरकली का? ... एक ट्रक सरकला म्हणतोस? ... बरं." ते आत जाऊन सांगतात, "ट्रक सरकला." कुणीतरी घड्याळ बघतं. कुणीतरी चष्मा पुसतं.

थांबणं चालू राहतं. ऊन ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर आलंय. बायका भिंतीच्या सावलीला सरकल्या. वारा नाही. या थांबण्याची इथे सगळ्यांना सवय आहे, हे बसण्यावरूनच कळतं. कुणी चिडत नाही.

१९४८च्या आसपास बेने इस्राएल २० हजारांच्या घरात होते. मग इस्रायलला जायला सुरुवात झाली. घरातला एक भाऊ गेला, मग दुसरा, मग आईवडील. २०११च्या जनगणनेत अख्ख्या भारतात सगळ्या प्रकारचे ज्यू मिळून ४,६५० भरले. महाराष्ट्रात त्यातले अडीच हजारांच्या आसपास. २०१६ मध्ये राज्याने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. हे अडीच हजार मुंबई, ठाणे, पुणे यांत वाटले की कोकणातल्या एका आळीतल्या बाकावर किती उरणार?

एक मिनिडोअर वळणावरून येते आणि धक्के खात थांबते. मागून एक माणूस उतरतो. मांडव्याच्या जेट्टीवरून आलाय, बोटीने. खांद्याला लॅपटॉपची बॅग, कपाळावर घाम. तो पैसे देतो, खिशातून टोपी काढतो, डोक्यावर ठेवतो. ओट्यावरचे काका फोन बंद करून म्हणतात, "चला, दहा झाले." आत बाकं सरकल्याचा आवाज येतो.

प्रार्थना हिब्रू आहे. चाल मात्र कानाला ओळखीची वाटते, कोकणातल्या देवळातल्या संध्याकाळसारखी, शेवटचा स्वर जरा लांबवत नेणारी. एक प्रार्थना सुरू होते तेव्हा सगळे उजव्या हाताने डोळे झाकतात. देव एकच आहे असं सांगणारी ही प्रार्थना. बेने इस्राएल आपली कथा सांगतात ती अशी, की फार वर्षांपूर्वी चौल बंदराजवळ, नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना नवगावातच पुरलं. ग्रंथ बुडाले. उरलं ते पाठ असलेलं. ही एक प्रार्थना, शनिवार, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खवल्यांचा मासा, काही उपास. कित्येक शतकं एवढ्यावर काढली. लग्नात, बारशाला, मयताला तीच एक प्रार्थना. त्या इतक्या पिढ्यांचा विचार केला की माझ्या पोटात हलतं. शिकवायला कुणी नाही, तपासायला कुणी नाही, सोडून दिलं असतं तर जाब विचारायलाही कुणी नव्हतं.

बाकीचं ज्ञान नंतर आलं. कोचीनचे ज्यू आले, बगदादचे आले, मिशनरी शाळांतून हिब्रू आली. १७९६ मध्ये कंपनीच्या पलटणीतल्या एका बेने इस्राएल अधिकाऱ्याने मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटला आणि नवस फेडला, असं सांगतात. आज लोकलने मशीद स्टेशनवर उतरून ते नाव कुठल्या मशिदीचं म्हणून विचारलं, तर बेने इस्राएल माणूस या जुन्या सिनेगॉगकडेच बोट दाखवतो.

साडेअकरा. खंडाळ्याकडे जाणारा रस्ता. मिनिडोअरमध्ये मांडीवर मलिद्याची परात, तिच्यावर ओढलेलं ओलं फडकं, पायाशी नारळाची गोणी. बसही एकदाची पोचली आहे आणि आमच्या मागोमाग येते आहे. वाटेत भातशेतीची वाळलेली खुंटं, वालाचे हिरवे पट्टे, आंब्याला मोहर. मोहराचा वास गाडीत शिरतो आणि डिझेलच्या वासात मिसळतो.

उतरल्यावर रांग. आवाज न करता वाढत जाणारी. बसमधले, गाड्यांमधले, आदल्या दिवशीच येऊन हॉटेलात राहिलेले. सावली एकाच बाजूला आहे आणि रांग दुसऱ्या बाजूने. डोक्यावर पदर, ओढण्या, रुमाल, क्रिकेटच्या टोप्या. पाण्याच्या बाटल्या पुढून मागे जातात आणि रिकाम्या परत येतात.

माझ्यापुढे एक मुलगी उभी आहे. पंचविशीची, जीन्स, कुर्ता, गळ्यात बारीक साखळीत चांदणी. ऐरोलीला कंपनीत असते. आजच्या दिवसाची सुट्टी टाकून आली आहे.

"सुट्टीच्या अर्जात काय लिहिलंस?"

"फॅमिली फंक्शन." ती खांदे उडवते. "ताई, खरं लिहिलं तर पंधरा मिनिटं सांगावं लागतं. आडनाव मराठी, बोलते मराठी, मग तुम्ही ख्रिश्चन का? नाही. पारशी? नाही. मग ज्यू म्हटलं की हिटलर. आमचा आणि हिटलरचा काय संबंध, आम्ही तेव्हा इथे तेल गाळत होतो."

रांग चार पावलं सरकते. ती सांगत राहते. ऑफिसात सगळे मिळून जेवण मागवतात. कोलंबीची बिर्याणी आली की ती ॲलर्जी आहे म्हणते. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायला सूर्यास्ताआधी घरी पोचायला हवं, पण तेव्हा ती ठाण्याच्या पुलावर गर्दीत उभी असते. मग आई लावते आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते. शनिवारी कामावर बोलावलं तर ती रविवार बदलून घेते. ते मात्र सोडत नाही.

"तेच का?"

ती जरा विचार करते. "बाकीच्याचं कारण सांगावं लागत नाही. ॲलर्जी म्हटलं की संपतं. शनिवारचं सांगावं लागतं. सांगितलं की मग माझं मलाही बरं वाटतं."

तिच्या आजीला कोळणीपुढे ॲलर्जी सांगावी लागली नसती. मी हे बोलत नाही. रांग पुन्हा सरकते.

खडक उतारावर आहे. काळा, ऊन पिऊन तापलेला. त्यावर फिकट पांढरट रेघा. ही रथाची चाकं, ही घोड्यांची टाप, म्हातारी माणसं लहानांना बोट धरून दाखवतात. लहान मुलगा विचारतो, "घोडे किती होते?" कुणाकडे नक्की उत्तर नाही. लोक वाकून हात लावतात, चटका बसतो, तरी हात लगेच उचलत नाहीत. मेणबत्त्या लावल्या आहेत, उन्हात ज्योत दिसत नाही, फक्त तिच्यावरची हवा थरथरते. एक बाई पदराचं टोक खडकाला टेकवून डोळ्यांना लावते. आमच्या देवळातल्या मंगळवारच्या गर्दीत कितीदा बघितलेली हालचाल.

मांडवात परात उघडते. पांढरा मलिदा, त्यावर बदाम-पिस्ते, कडेने फळं, मधे सब्ज्याच्या हिरव्या काड्या आणि गुलाब. आजोबा उभे राहतात. हेच सकाळी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवत होते. एलियाहूचं गाणं सुरू होतं आणि सगळा मांडव त्यात येतो, पोरंसोरंसुद्धा. मग एकेक आशीर्वाद. आधी सब्जा हातोहात फिरतो, प्रत्येक जण वास घेतो, कारण सुगंधाचाही आशीर्वाद असतो. मग झाडाचं फळ, खजूर. मग जमिनीचं फळ, केळं. केळीला खोड असतं पण लाकूड नसतं, म्हणून ती झाडात धरत नाहीत. शेजारचा शेतकरी हे ऐकून मान डोलावतो. बरोबरच आहे, केळ म्हणजे कंदच की.

मलिदा द्रोणात पडतो. गोड, ओला, नारळाचा. इस्रायल, मुंबई, ठाणे, अलिबाग, सगळ्यांच्या बोटांना तो सारखाच चिकटतो.

जेवणाआधी बायकांचं कीर्तन. पेटी, टाळ, चौघीजणी एका रांगेत, पांढऱ्या साड्यांना निळे काठ. आख्यान योसेफाचं. भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं, विकलं, तो परक्या देशात गेला, तिथल्या राजाचा कारभारी झाला, तिथला पोशाख घातला, तिथली भाषा बोलला, आणि भाऊ धान्य मागायला आले तेव्हा त्यांना ओळखूच आला नाही. ओवी, साकी, दिंडी, पुन्हा ओवी. १८८०च्या सुमारास हरिदासांची कीर्तनं ऐकून बेने इस्राएलांनी ही रीत उचलली. विठ्ठलाच्या जागी यहोवा आणि पंढरीच्या जागी यरुशलेम. बाज तोच. पुण्यात १८७४ मध्ये छापलेलं त्यांचं वल्हांडण सणाचं पुस्तक आहे, एका बाजूला हिब्रू आणि एका बाजूला मराठी. त्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्या आहेत. गाणाऱ्या चौघींकडे बघताना मला ते चित्र आठवतं.

योसेफ रडतो तिथे माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसतात. सत्तरीच्या. इस्रायलमधल्या डिमोनाहून आल्या आहेत, नेगेवच्या वाळवंटातून. मुलं-नातवंडं बरोबर. नातू हिब्रूत काहीतरी विचारतो, त्या मराठीत उत्तर देतात, तो पुन्हा हिब्रूत बोलतो. असं चालतं.

"लहान असताना गेलो आम्ही," त्या सांगतात. "वाटलं होतं, आता आपल्यांत चाललो. तर तिथे म्हणाले, तुम्ही खरे ज्यू का ते आधी बघावं लागेल." तिथल्या धर्मपीठाचा तसा आदेशच निघाला होता. बेने इस्राएल माणसाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर त्याच्या पूर्वजांची चौकशी व्हायची. "वडील उपोषणाला बसले होते यरुशलेमला. मी शाळेत. आई रोज डब्यात पोळी-भाजी भरून न्यायची, आणि वडील ती परत पाठवायचे." १९६४च्या उन्हाळ्यात ते आंदोलन पेटलं. संसदेने बेने इस्राएलांची बाजू घेतली आणि ऑगस्ट संपता संपता आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं.

"मग तुम्ही तिथल्यासारखे झालात?"

"झालो की. मुलगा सैन्यात होता. सून मोरोक्कोची. शुक्रवारी तिचे तिखट मासे असतात आणि माझी आमटी." त्या साडीचा काठ सारखा करतात. "पण मलिदा मी सोडला नाही. सुरुवातीला लोक विचारायचे हे काय, असं कुठे लिहिलंय. कुठेच लिहिलेलं नाही. आता सूनच विचारते, पोहे संपले का, आणू का. तिथे दुकानात मिळतात आता."

पंगत बसते. केळीची पानं, मटण, भात, सोलकढी. वाढणारी मुलं घामाने निथळताहेत. पहिल्या पंगतीला बस चुकू नये म्हणून मुंबईचे, मग बाकीचे. ऐरोलीची मुलगी वाढायला आली आहे, ओढणी कमरेला खोचून. डिमोनाचा नातू सोलकढीचा घोट घेऊन तोंड वाकडं करतो आणि आजीकडे बघून पुन्हा घेतो.

तीन वाजतात. सावली आता रांगेच्या बाजूला गेली आहे, पण रांगच उरलेली नाही. परातीत थोडा मलिदा राहिला आहे. आमचा मिनिडोअरवाला मांडवाच्या कडेला केव्हाचा उभा आहे. आगरी माणूस, चाळिशीचा. काकू त्याला द्रोण भरून देतात. तो द्रोण कपाळाला लावतो, खात नाही, तसाच हातात धरून आजोबांकडे जातो.

"आजोबा, माजे पोराची दहावी हाय यंदा. जरा नाव घ्या तुमचे देवापुढं."

"घेतो की. नाव काय त्याचं?"

तो सांगतो.

"आणि आईचं?"

"आईचं कशाला?"

"दुवा मागताना आमच्यात आईचं नाव लावतात."

बसचा हॉर्न वाजतो. तो बायकोचं नाव सांगतो. आजोबांना नीट ऐकू येत नाही, ते कानामागे हात धरतात. तो पुन्हा सांगतो, या वेळी मोठ्याने, आणि चार बायका वळून बघतात. आजोबा ते दोनदा स्वतःशी म्हणून घेतात, उच्चार चुकायला नको म्हणून. मग टोपी सारखी करतात आणि खडकाकडे तोंड करून उभे राहतात. मिनिडोअरवाला चपला काढून बाजूला सारतो आणि त्यांच्या शेजारी उभा राहतो. बसचा क्लीनर दारात लोंबकळून ओरडतोय, वडखळला अंधार करायचाय का म्हणून. आजोबा मागे न बघता हात वर करून त्याला थांबायची खूण करतात.